मज्जातंतूला स्नायूचा पत्ता कोण सांगते?

केळ्यांवर घोंघावणाऱ्या क्षुल्लक चिलटाच्या शरीरात प्रत्येक मज्जातंतू आपला स्नायू बिनचूक शोधून काढतो. ही वाट त्याला कशी सापडते, हे कळू लागल्यावर माणसाच्या लुळ्या पडलेल्या हाताचे कोडेही थोडे उलगडू लागले आहे.

पावसाळा सुरू झाला की रायपूर असो वा नागपूर, स्वयंपाकघरात टांगलेल्या केळ्यांच्या फणीभोवती चिलटे जमू लागतात. जेमतेम तीन मिलिमीटर लांबीचा, लाल डोळ्यांचा हा जीव आपण हाताने हाकलतो आणि विसरून जातो. शास्त्रज्ञ याला ड्रोसोफिला म्हणतात. आंब्या-पेरूच्या सालीत अंडी घालून बागायतदाराला हैराण करणारी मोठी फळमाशी ती वेगळी. ही तिची धाकटी, निरुपद्रवी नातेवाईक, पिकून मऊ पडलेल्या फळांवर जगणारी.

आता पुढच्या वेळी तिला हाकलताना एक गोष्ट लक्षात घ्या. तुमचा हात तिच्यापर्यंत पोहोचायच्या आत ती उडालेली असते. उडताना तिचे पंख एका सेकंदात सुमारे २०० वेळा वरखाली होतात. या पंखांना हलवणारे स्नायू आहेत आणि त्या स्नायूंना हुकूम देणारे मज्जातंतू आहेत. पंखाचा मज्जातंतू पायाच्या स्नायूला जोडला गेला, तर माशी उडण्याऐवजी लाथा झाडत बसेल. पण असे घडत नाही. लाखो माश्यांमध्ये ठरलेला तंतू ठरलेल्याच स्नायूला जाऊन मिळतो.

घरात विजेच्या तारा टाकताना वायरमनजवळ नकाशा असतो. कोणती तार पंख्याची, कोणती दिव्याची, हे त्याला ठाऊक असते. शरीरात असा वायरमन कोणी नाही. प्रत्येक तार स्वतःच वाढत, सरपटत, अंधारातून आपल्या दिव्यापर्यंत जाते. मग तिला पत्ता सांगतो कोण?

चाचपडणारी बोटे

या प्रश्नाची सुरुवात स्पेनमध्ये झाली. १८९० मध्ये सांतियागो रामोन इ काहाल हे शास्त्रज्ञ कोंबडीच्या अंड्यातील गर्भाचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. वाढणाऱ्या मज्जातंतूच्या अग्रभागी त्यांना एक पसरट फुगवटा दिसला. हेच ते तंतूचे वाढते टोक. काहाल यांना दिसले होते ते मेलेल्या, रंगवलेल्या पेशींचे स्थिर चित्र. तरीही हे टोक जिवंतपणी मुसंडी मारत पुढे जात असणार, हे त्यांनी ओळखले. १९०७ मध्ये अमेरिकेच्या रॉस हॅरिसन यांनी बेडकाच्या गर्भातील मज्जापेशी लसिकेच्या थेंबात जिवंत ठेवल्या आणि हे टोक खरोखर सरकताना पाहिले.

या टोकाला केसाहून कितीतरी बारीक अशी बोटे असतात. आंधळी कोशिंबीर खेळणारे मूल हात पुढे करून भिंत, दार, खांब चाचपत जाते, तशी ही बोटे सभोवताल चाचपत असतात. जिथे पकड बसते तिकडे टोक ओढले जाते, जिथे चटका बसावा तसे होते तिथून ते मागे सरते. पुण्याच्या आयसर या संस्थेत अर्णब घोष यांच्या गटाने कोंबडीच्या मज्जापेशींवर याच पकडीचा अभ्यास केला. फॉर्मिन-२ नावाचे प्रथिन कमी पडले की बोटांची पकड सैल होते आणि तंतू नीट पुढे जाऊ शकत नाही, असे त्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले.

फिरवलेल्या डोळ्याचा प्रयोग

टोक चाचपते हे खरे, पण ते शोधते तरी काय? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक तज्ज्ञांचे मत असे होते की तंतू कुठेही जोडले जातात आणि मग वापराने, सरावाने योग्य जोडण्या टिकतात. हे मत अमेरिकेच्या रॉजर स्पेरी यांनी उलथवून टाकले.

१९४० च्या दशकात त्यांनी बेडूक व पाणसरड्यासारख्या प्राण्यांच्या डोळ्याचा मज्जातंतू कापला आणि डोळा खोबणीतच उलटा फिरवून बसवला. या प्राण्यांत कापलेला तंतू पुन्हा वाढतो. तसा तो वाढला, प्राण्याला दिसूही लागले, पण सगळे उलटे! समोर वर किडा धरला की प्राणी खाली झेप घेई. कितीही दिवस गेले तरी त्याची चूक सुधारली नाही. याचा अर्थ असा की प्रत्येक तंतू फिरवलेल्या डोळ्यातूनही मेंदूतल्या आपल्या जुन्याच जागी परतला होता. सरावाचा तिथे संबंध नव्हता. तंतू आणि त्याचे ठिकाण या दोघांवर काही रासायनिक खुणा असाव्यात, असा सिद्धान्त स्पेरी यांनी १९६३ मध्ये स्पष्टपणे मांडला. १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्यांत तेही होते, मात्र ते मेंदूच्या दोन अर्धांवरील कामासाठी.

खुणा असाव्यात हे ठीक. पण त्या कोणत्या? त्या शोधायला बेडूक पुरेसा नव्हता. तिथे चिलट कामाला आले.

चोवीस तासांतला प्रवास

चिलटाचा फायदा असा की त्याचा संसार झटपट आटोपतो. २५ अंश तापमानाला अंडे घातल्यापासून साधारण २४ तासांत अळी बाहेर पडते आणि दहा दिवसांत नवी माशी तयार होते. दुधाच्या बाटलीत हजारो माश्या वाढवता येतात. शिवाय तिचे शरीर हिशेबी आहे. अळीच्या पोटाच्या प्रत्येक खंडात एका बाजूला ३० स्नायू असतात आणि त्यांना चालवणाऱ्या मज्जापेशी ३५ ते ४०. प्रत्येक स्नायूला शास्त्रज्ञांनी क्रमांक दिला आहे, प्रत्येक मज्जापेशीला नाव. त्यामुळे एकाही तंतूने वाट चुकवली तर ती चूक लगेच पकडता येते.

यातल्या एका पेशीचे नाव आरपी-३. तिचा तंतू आधी शरीराची मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातो. मग इतर तंतूंच्या जुडग्यात मिसळून बाहेर पडतो, योग्य ठिकाणी जुडगे सोडतो, वाटेतले अनेक स्नायू ओलांडतो आणि सहाव्या व सातव्या स्नायूंमधल्या फटीत येऊन थांबतो. हे सगळे अळी अंड्यातून बाहेर येण्याआधी!

१९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे कोरी गुडमन यांच्या प्रयोगशाळेने वाट चुकलेल्या तंतूंच्या माश्या हजारोंमधून वेचून काढल्या. प्रत्येकीत कोणते ना कोणते जनुक बिघडलेले होते आणि त्या जनुकांना नावेही गमतीची मिळाली. ‘बीटन पाथ’ म्हणजे मळलेली वाट. हे जनुक बिघडले की तंतू जुडगे सोडतच नाही आणि मळलेल्या वाटेने सरळ पुढे निघून जातो. ‘राउंडअबाउट’ बिघडले की तंतू मध्यरेषेभोवती गोल गोल फिरत राहतो. पुढे ‘साइडस्टेप’चे कार्य कळले. त्याचे प्रथिन वाटेवर आणि शेवटी स्नायूवर असते आणि तंतूवरच्या ‘बीटन पाथ’च्या प्रथिनाशी ते कुलूप-किल्लीसारखे जुळते, हे २००९ मध्ये सिद्ध झाले.

संस्कृत नावाचे प्रथिन

या शोधमालिकेतले एक नाव आपल्याला ओळखीचे वाटेल. १९९४ मध्ये अमेरिकेत मार्क टेसिए-लाविन्य यांच्या गटाने कोंबडीच्या गर्भातून तंतूंना ओढून घेणारे प्रथिन वेगळे केले. त्याला त्यांनी ‘नेट्रिन’ असे नाव दिले. ते ‘नेतृ’ या संस्कृत शब्दावरून घेतले आहे. नेतृ म्हणजे वाट दाखवणारा, म्हणजेच आपला ‘नेता’! दोनच वर्षांत माशीतही नेट्रिन सापडले आणि आरपी-३ ज्या दोन स्नायूंकडे जाते, त्यांतून ते स्रवत असल्याचे दिसले.

म्हणजे उत्तर मिळाले का? नाही. नेट्रिन नसलेल्या माश्या तयार केल्या, तेव्हा काही खंडांत आरपी-३ चुकली, पण बऱ्याच ठिकाणी तिने आपला स्नायू तरीही शोधला. त्या स्नायूंवर ‘फॅसिक्लिन-३’ नावाचे चिकट प्रथिनही असते. १९९५ मध्ये संशोधकांनी ते शेजारच्या स्नायूंवरही उत्पन्न केले. आरपी-३ फसली आणि शेजाऱ्यांच्या घरी जाऊन बसली. पण फॅसिक्लिन-३ पूर्णपणे काढून टाकले, तर मात्र ती बरोबर घरीच पोहोचली! याशिवाय शेजारच्या काही स्नायूंवर ‘टोल’ नावाचे प्रथिन असते. ते ‘इथे थांबू नकोस’ असे सांगत तिला हटवते.

गावात नवखा माणूस घर शोधतो तेव्हा तो एकाच खुणेवर विसंबत नाही. मारुतीच्या देवळावरून वळा, गल्लीत कुत्रे भुंकणारे घर सोडा, पुढे निळे दार दिसेल, अंगणात तुळस असेल. यातली एखादी खूण पुसली तरी घर सापडते, दोन-तीन पुसल्या तर माणूस भटकतो. १९९८ मध्ये गुडमन यांच्या गटाने ओढणाऱ्या, हटवणाऱ्या आणि चिकटवणाऱ्या प्रथिनांचे प्रमाण कमी-जास्त करून हेच दाखवले. तंतू एकूण ओढ आणि एकूण विरोध यांची बेरीज-वजाबाकी करतो आणि जिथे पारडे जड तिथे वळतो.

आणि घरही गप्प बसून वाट पाहत नसते. २००० मध्ये असे आढळले की माशीच्या गर्भातले स्नायूही बारीक बोटे बाहेर काढतात आणि येणाऱ्या तंतूकडे हात पुढे करतात.

कुलाब्याच्या प्रयोगशाळेत

या कथेचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत लिहिला गेला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६२ मध्ये ओबेद सिद्दिकी यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. पुढे त्यांनी कॅलिफोर्नियातील सेमूर बेंझर यांच्याबरोबर उष्णतेने लुळ्या पडणाऱ्या माश्यांचा अभ्यास केला. तापमान वाढले की या माश्या निपचित पडतात, गारवा मिळाला की पुन्हा उठून चालू लागतात. मज्जातंतूतून संदेश कसा जातो, हे त्यातून उमगत गेले. त्यांचा हा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भारतात चिलटांवरच्या मज्जासंशोधनाची परंपरा रुजली.

याच संस्थेत के. विजयराघवन आणि जॉइस फर्नांडिस यांनी पुढचा प्रश्न हाती घेतला. अळी सरपटते, माशी उडते. कोषात असताना अळीचे बहुतेक स्नायू विरघळून जातात. मग त्यांना चालवणाऱ्या मज्जातंतूंचे काय होते? आणि उडण्याच्या नव्या स्नायूंना तंतू कुठून मिळतात?

१९९१ आणि १९९३ च्या त्यांच्या निबंधांतून उत्तर मिळाले. अळीच्या छातीतले प्रत्येक बाजूचे तीन स्नायू या संहारातून वाचतात. नव्या स्नायुपेशी त्यांच्याभोवती जमतात, तिघांचे सहा होतात आणि पाठीतले उड्डाणाचे लांब स्नायू तयार होतात. त्यांचे मज्जातंतूही जुनेच असतात. अळीपणीच्या फांद्या ते आखडून घेतात आणि मग नव्या स्नायूवर नव्याने फांद्या फुटतात. जुने घर पाडून त्याच जोत्यावर नवे बांधावे आणि जुन्याच विजेच्या तारेवरून नव्या खोल्यांत जोडण्या द्याव्यात, तसा हा प्रकार. सहा स्नायूंना तंतू मात्र पाचच. चार तंतू एकेका स्नायूला मिळतात, पाचवा वरच्या दोघांना सांभाळतो. प्रत्येक माशीत अगदी असेच.

फर्नांडिस यांनी पुढे अमेरिकेत येल विद्यापीठात हैग केशिशियान यांच्याबरोबर या गोष्टीची दुसरी बाजू तपासली. कोषावस्थेच्या आरंभी मज्जातंतू तोडला तर काय होते? १९९८ मध्ये त्यांनी दाखवले की पाठीचे लांब स्नायू कसेबसे, उशिरा तयार होतात, तर छातीतले उभे स्नायू जवळजवळ तयारच होत नाहीत. म्हणजे तंतूला स्नायू हवा, तसा स्नायूलाही तंतू हवा. एकाचे दुसऱ्यावाचून चालत नाही, आणि ही भेट वेळेवर व्हावी लागते.

माशी आणि आपली मुले

‘माशीत काय का होईना, आपल्याला काय त्याचे?’ असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याला दोन आजारांनी उत्तर दिले आहे.

काही मुले जन्मापासून डोळे डावी-उजवीकडे वळवू शकत नाहीत. बाजूला पाहायचे तर मान फिरवावी लागते. वाढत्या वयात त्यांचा पाठीचा कणाही वाकत जातो. २००४ मध्ये याचे कारण सापडले. माशीतल्या ‘राउंडअबाउट’चेच माणसातले भावंड असलेले जनुक या मुलांत बिघडलेले होते. त्यामुळे मेंदूकडे जाणारे व तेथून येणारे काही तंतू मध्यरेषा ओलांडून पलीकडे जातच नाहीत.

काही माणसांच्या उजव्या हाताने घास घेतला की डावा हातही तशीच हालचाल करतो. लहान बाळात थोडेफार असे दिसते, पण यांच्यात ते आयुष्यभर राहते. २०१० मध्ये अशा काही कुटुंबांत नेट्रिनची हाक ऐकणारे जनुक बिघडलेले आढळले. केळ्यावरच्या चिलटात जी खूण तंतूला वाट दाखवते, तीच तुमच्या-आमच्या घरातल्या बाळालाही दाखवते.

पत्ता चुकतो तेव्हा

गर्भात ही सगळी वाटचाल अगदी थोड्या अंतरात होते आणि तेव्हा खुणा ताज्या असतात. मोठ्या माणसाचा मज्जातंतू तुटला तर परिस्थिती वेगळी असते. काचेने मनगट कापले, अपघातात कोपर चिरडला, तर तंतू पुन्हा वाढू लागतात, पण दिवसाला साधारण एकच मिलिमीटर. कोपरापासून बोटांपर्यंत पोहोचायला वर्षभर लागू शकते. गर्भातल्या बहुतेक खुणा आता पुसल्या गेलेल्या असतात. जुन्या तंतूच्या रिकाम्या नळ्या हीच काय ती वाट, आणि ज्या नळीत टोक शिरेल तिकडे ते जाते. म्हणून शल्यविशारद सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची जुडगी समोरासमोर जुळवून शिवतात.

नळी चुकली तर काय होते, हे चेहऱ्याच्या लकव्यानंतर काहींमध्ये दिसते. लकवा ओसरतो, पण डोळा मिटला की ओठाचा कोपराही ओढला जातो. काहींच्या डोळ्यांतून जेवताना पाणी वाहते, कारण लाळेच्या ग्रंथीकडे निघालेले तंतू अश्रूंच्या ग्रंथीला जाऊन मिळालेले असतात. इकडे स्नायूही अनंत काळ थांबत नाही. वर्ष-दीड वर्ष तंतू आला नाही, तर तो सुकतो आणि मग तंतू पोहोचूनही फारसा उपयोग होत नाही.

लालपूरचे उत्तर

छत्तीसगडच्या वाचकांना हा विषय अगदी जवळचा आहे. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंवरच हल्ला करतात. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर या रोगाचे प्रमाण दर १०,००० लोकांमागे एकाच्या खाली आले. छत्तीसगडमध्ये मात्र त्यानंतरही अनेक वर्षे ते त्याहून जास्त राहिले. कोपराजवळचा तंतू निकामी झाला की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आकड्यासारखे वाकते. भाकरीचा तुकडा मोडणे, शर्टाचे बटण लावणे अवघड होते.

असा हात पुन्हा कामाला लावण्याच्या शस्त्रक्रियेचा पाया १९४० च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी घातला. आज ती रायपूरच्या लालपूर येथील केंद्र सरकारच्या प्रादेशिक कुष्ठरोग प्रशिक्षण व संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी होते. मेलेल्या तंतूला पुन्हा स्नायूपर्यंत नेणे शक्य नसते. मग शल्यविशारद युक्ती करतात. ज्या स्नायूचा तंतू शाबूत आहे, त्याची हाडाकडे जाणारी दोरी, म्हणजे कंडरा, सोडवून घेतात. उदाहरणार्थ, मधले बोट वाकवणाऱ्या दोन कंडरांपैकी एक काढून तिच्या पट्ट्या करतात आणि त्या लुळ्या बोटांना जोडतात. तंतूचा पत्ता तोच राहतो, स्नायूचे काम तेवढे बदलते. पुढे काही आठवडे व्यायाम करून मेंदूला हे नवे काम शिकवावे लागते. स्पेरी यांचा पाणसरडा जे शिकू शकला नाही, ते माणसाचा मेंदू शिकतो.

पण शस्त्रक्रियेची वेळच येऊ नये, हे उत्तम. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, हातापायाला मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटलेली समजत नसेल, तर लाजू नका, लपवू नका, लगेच दाखवा. औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि रोगाच्या प्रकारानुसार सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात. सहा महिन्यांच्या आत आलेला बधिरपणा किंवा अशक्तपणा योग्य उपचारांनी पुष्कळदा भरून निघतो, त्यानंतर ती शक्यता झपाट्याने कमी होते. हात कापून बोट हलेनासे झाले तरी हाच नियम. नुसते टाके घालून घरी येऊ नका. ‘आतला मज्जातंतू तुटला आहे का, ते पाहा,’ असे डॉक्टरांना आवर्जून सांगा.